कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह एका दिवसात नीट कसं पाहायचं

कोर्लईला जाणारे बहुतेक जण एकच चूक करतात. अलिबागला निवांत नाश्ता करून दहाला निघायचं, अकराला पायऱ्या चढायला लागायचं, साडेबाराला घामाघूम होऊन उतरायचं आणि दीपगृहाच्या फाटकाचं कुलूप बघून परत फिरायचं. किल्ला लहान, चढ त्याहून लहान, म्हणून वेळेचा हिशेब कुणी करत नाही. इथे मात्र सगळं वेळेवरच अडतं. ऊन कुठल्या बाजूला आहे, पाणी कधी खाली जाणार आणि दीपगृह कधी उघडणार, या तीन गोष्टी घरातून निघण्याआधी ठरवल्या की बाकी काही अवघड नाही.

आधी जागा समजून घ्या. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर रेवदंडा आणि दक्षिणेच्या काठावर कोर्लई. कोर्लईचा डोंगर जमिनीतून उत्तरेकडे समुद्रात घुसलेला आहे. पूर्वेला खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र आणि टोकाला खाडीचं मुख. उंची जेमतेम शंभर मीटर. किल्ला या डोंगराच्या माथ्यावरून दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलाय, पण रुंदीला अगदी चिंचोळा आहे. गाव दक्षिणेला, डोंगराच्या मानेपाशी. दीपगृह पश्चिमेच्या उतारावर आणि किल्ल्याच्या पायऱ्या त्याच्या मागून सुरू होतात.

यातच उन्हाचं उत्तर आहे. पायऱ्या पश्चिमेच्या अंगाला असल्यामुळे सकाळी डोंगराची सावली त्यांच्यावर पडते. साडेसात-आठला चढायला लागलात तर दारापर्यंत ऊन फारसं लागत नाही. दुपारी तीननंतर त्याच पायऱ्यांवर सूर्य थेट येतो, दगड दिवसभर तापलेले असतात आणि वर माथ्यावर बसायला म्हणावं तसं झाड नाही. म्हणून किल्ला सकाळी आणि दीपगृह संध्याकाळी, अशी विभागणी करा. मधल्या वेळात जेवण आणि रेवदंडा. ज्यांना फक्त अर्धा दिवस आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी दोनला चढावं आणि चारपर्यंत खाली येऊन दीपगृह गाठावं. एप्रिल-मे महिन्यांत हा दुसरा बेत करू नये.

आता पाणी. किल्ल्याच्या उत्तर टोकाला, डोंगर संपतो तिथे, समुद्राच्या जवळ एक बातेरी, म्हणजे तोफा ठेवायची तटबंद जागा, आहे. क्रुसाची बातेरी म्हणतात तिला. तिच्या पुढचे खडक ओहोटीलाच मोकळे होतात, आणि तटबंदी किती खालपासून उठवलीय ते तेव्हाच नीट दिसतं. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला ४ पाऊण ३, म्हणजे पहाटे तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या. हे ढोबळ गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून दोन्ही बाजूंना तासाभराची मोकळीक ठेवा.

याच गणितातून जायचे दिवसही निघतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि उधाणाचा जोर प्रत्यक्षात तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी फार वरही येत नाही आणि फार खालीही जात नाही. म्हणजे द्वितीया ते चतुर्थी हे दिवस इथे सर्वांत सोयीचे: ओहोटी खोल, आणि तीही सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, नेमकी तुम्ही बातेरीवर पोचाल त्या सुमाराला. पौर्णिमेच्या सुट्टीला जाणाऱ्यांना सकाळी उलटं मिळतं. साडेआठ-नऊला पाणी चढत असतं आणि खडकांवर लाटा फुटत असतात.

पोचायचं कसं

अलिबागहून रेवदंडा १७-१८ किलोमीटर. पुढे खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की रस्ता फुटतो. डावीकडे रोहा, उजवीकडे मुरूड. उजवीकडे वळायचं आणि पुढे कोर्लई गावाचा फाटा पुन्हा उजव्या हाताला. मुंबईहून स्वतःच्या गाडीने आलात तर पेण-वडखळ मार्गे अलिबाग. शनिवारी सकाळी सातनंतर वडखळला जे व्हायचं ते होतंच, त्यामुळे सकाळचा किल्ला हवा असेल तर आदल्या रात्री अलिबाग, चौल, रेवदंडा किंवा काशीदला मुक्काम करा. गेटवेहून मांडव्याला लाँचने येणारे पहिल्या लाँचने निघाले तरी कोर्लईला ऊन चढल्यावरच पोचतात. त्यांनी दुपारचा बेत धरावा. पावसाळ्यात लाँच बंद असतात.

एसटीने यायचं तर अलिबाग स्टँडवरून मुरूडला जाणारी गाडी पकडा, पण चढण्याआधी कंडक्टरला 'रेवदंडा-साळाव मार्गे ना?' एवढं विचारा आणि कोर्लई फाट्याचं तिकीट काढा. अलिबाग ते रेवदंडा मिनीडोर मिळतात. माणसं भरली की सुटतात. रेवदंड्याहून कोर्लईला रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याशी 'किल्ल्यावर सोडा' असं नाही, 'लाइट हाउसपर्यंत' असं बोला. नाहीतर तो गावाच्या कमानीपाशी सोडतो आणि पुढचा दीड-एक किलोमीटर तुमच्या पायावर येतो.

तसा हा दीड किलोमीटर चालण्यासारखाच आहे. वाट कोळीवाड्यातून जाते. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला होड्या, मधे एक गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून दुसरी आली तर कुणाला तरी मागे घ्यावी लागते, आणि ती बहुधा पाहुण्यालाच घ्यावी लागते. वलांडीवर बोंबील वाळत असतात, रस्त्याच्या कडेला जाळी पसरलेली असतात. जाळ्यावरून चाक नेऊ नका. जाळं फाटतं, आणि ते दुरुस्त करायला एका माणसाचा दिवस जातो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात आणि रस्ता आणखी अरुंद होतो. मोठी गाडी असेल तर गावाच्या अलीकडे मोकळ्या जागी लावून चालत जावं. गावात ख्रिस्ती वस्ती आहे, तिचं चर्च आहे आणि पोर्तुगीजांच्या काळापासून टिकलेली एक बोली आहे, जिला नोलिंग म्हणतात. पोर्तुगीज आणि मराठीच्या मेळातून झालेली ही बोली बोलणारी माणसं आता थोडीच उरलीत. कुणाला रस्त्यात थांबवून 'जरा बोलून दाखवा' म्हणू नका. त्या गोष्टीला ते लोक कंटाळले असणार.

बरोबर माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चांगल्या पकडीचे बूट आणि सुटे पैसे. चप्पल घालून चढता येतं, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही आणि उतरताना घोटा मुरगळतो तो याच कारणाने. किल्ल्यावर दुकान नाही, प्यायचं पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. त्याची सोय अलिबागला किंवा रेवदंड्यालाच उरकून घ्या.

किल्ला

दीपगृहाच्या मागून पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटांत तटातल्या दारापाशी येता. आत शिरलात की दोन दिशा आहेत. उजवीकडे चढत बालेकिल्ला, डावीकडे उतरत उत्तरेची बातेरी. ओहोटीची वेळ जवळ असेल तर आधी डावीकडे जा, नसेल तर उजवीकडे. वेळ असा धरा: बालेकिल्ल्याला पाऊण ते एक तास, बातेरीपर्यंत उतरायला वीस मिनिटं, आणि परत वर यायला अर्धा तास. हा शेवटचा अर्धा तास लोक हिशेबात धरत नाहीत. उतरताना वाटतं किल्ला संपला, पण बाहेर पडायचं दार मधेच आहे, आणि तिथपर्यंत सगळं पुन्हा चढायचं असतं. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर बातेरी वरूनच पाहिलेली बरी.

किल्ला असा चिंचोळा का, हे कळलं तर पाहताना मजा येते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने इथे तटबंदी उभी केली ती समोरच्या रेवदंड्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला. खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज या डोंगराखालूनच जातं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी चढाई करून डोंगर घेतला आणि पुढे तट, बुरूज, दारं आपल्या पद्धतीने वाढवली. त्यांच्या लेखी हा चौलचा 'मोर्रो', म्हणजे टेकडी. वसईच्या मोहिमेनंतर, १७४० मध्ये, तो मराठ्यांकडे आला.

चालताना आडव्या भिंती मोजत जा. माथ्यावरची जागा या भिंतींनी एकामागून एक कप्प्यांत तोडलेली आहे आणि प्रत्येक भिंतीला एक दार. शत्रू एका टोकाने आत घुसला तरी पुढचं दार बंद केलं की तो त्या कप्प्यात अडकतो, दोन्ही अंगांना तट आणि खाली कडा, आणि वरच्या कप्प्यातून त्याच्यावर मारा. डोंगर अरुंद असल्यामुळे भिंत लहान लागते, थोडी माणसं ती राखू शकतात. प्रत्येक दारात थांबून मागे वळून पाहा. ज्या कप्प्यातून आलात तो पुढच्या तटावरून पूर्ण दिसतो. उत्तरेकडून परत चढताना हे सगळ्यात स्पष्ट कळतं, कारण तिथे मागे राहिलेला प्रत्येक कप्पा पुढच्यापेक्षा खाली आहे.

बालेकिल्ल्यात छप्पर नसलेलं चर्च आहे, मोठं. त्याच्याजवळ पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, तुळशीवृंदावन. टाक्याला जमिनीच्या पातळीवर तोंडं आहेत, आणि इथे खरंच सांभाळायचं. तोंडाला कठडा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत वाढतं आणि ते तोंड झाकून टाकतं. मळलेली पायवाट सोडून फोटोसाठी बाजूला जायचं असेल तर पुढे काठी टेकवत जा, मुलांचा हात धरा. टाक्यातलं पाणी वरून निवळ दिसलं तरी पिऊ नका.

दारांवर आणि चर्चच्या आसपास पोर्तुगीज शिलालेख आणि राजचिन्हं कोरलेले दगड आहेत. वाऱ्यापावसाने अक्षरं झिजलीत, समोरून पाहिली तर काहीच लागत नाही. ती वाचायची युक्ती सोपी आहे: मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका कडेने धरा. तिरप्या उजेडाने कोरीव भागात सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. सकाळचं कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडांना टॉर्चही लागत नाही. खडू किंवा पीठ घासून अक्षरं उठवायचा उद्योग करू नका. ते भेगांत बसतं, ओल धरतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. तोफांवर चढून बसणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

तटाच्या कडेला बसताना आधी दगड हलवून पाहा. चुना गेलेला आहे, वरचा थर कित्येक ठिकाणी नुसता एकावर एक ठेवल्यासारखा उरलाय. दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. कोकणात फुरसं हा विषारी साप अशाच जागी असतो, आणि तो दिसत नाही. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नये. माणसाला शांत बसवा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि उचलून खाली आणा. पुढे अलिबागचं सरकारी रुग्णालय.

बातेरीवर पोचल्यावर खडकांवर उतरायचं असेल तर काळपट-हिरवा भाग टाळा, तो शेवाळाचा. पांढुरक्या खरबरीत थरावर पाय टिकतो, पण पडलात तर तोच थर सोलून काढतो. पाण्यात उतरू नका. खाडीचं मुख आहे हे. ओहोटीला सगळी कुंडलिका इथून समुद्राकडे ओढत असते, आणि पट्टीचा पोहणाराही त्या ओढीपुढे टिकत नाही. बातेरीवरून किनाऱ्याच्या खडकांवरून थेट दीपगृहापर्यंत जाता येईल असं वरून वाटतं. तो मोह टाळा, आल्या वाटेनेच परत चढा. दक्षिणेच्या टोकावरून गावात उतरायची वाटही तशीच: झुडपांत हरवते. गाडी दीपगृहाशी असेल तर त्या वाटेचा उपयोगही नाही.

दीपगृह

भारतातली दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याकडे आहेत आणि ती चालू कामाची जागा आहे, म्हणून पाहुण्यांसाठी वेळ मोजकी. ती साधारण संध्याकाळची, सूर्यास्ताआधीची असते. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातनंतर. त्यामुळे हिवाळ्यात पाचला पोचणं म्हणजे उशीर. सकाळी किल्ल्यावर जाताना फाटकाशी असलेल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारून ठेवा: आज उघडणार का, किती वाजता? दुरुस्ती किंवा सुरक्षेच्या कारणाने एखाद्या दिवशी बंदही असतं, आणि तिथे हुज्जत घालून काही होत नाही. तिकीट किरकोळ असतं, कॅमेऱ्याचं वेगळं असू शकतं. सुटे पैसे त्यासाठीच. ओळखपत्र जवळ ठेवा. ड्रोन आणू नका.

वर थोडीच माणसं एका वेळी मावतात. पिशव्या खाली ठेवा, कारण जिना गोल आणि अरुंद आहे. टोपी आणि चष्मा सांभाळा, संध्याकाळी समुद्रावरचा वारा सज्जात चांगलाच झोंबतो. दार उघडलं की हाताने धरून ठेवा, वाऱ्याने आपटलं तर बोटं सापडतात.

वरच्या खोलीत भिंगाकडे नीट पाहा, हात न लावता. बोटांचं तेल काचेला लागलं की त्यावर खारी धूळ बसते आणि उजेड कमी होतो. जुन्या पद्धतीच्या भिंगात काचेची तिरकस कडी एकात एक बसवलेली असतात. मधल्या दिव्याचा चहूकडे विखुरणारा उजेड ती एका आडव्या पट्ट्यात गोळा करून समुद्राकडे फेकतात. म्हणून लहानशा दिव्याचा उजेड कित्येक मैल जातो. दिवसा खिडक्यांना पडदे ओढलेले दिसले तर ते पाहुण्यांना अडवायला नसतात. सूर्याची किरणं त्याच भिंगातून उलटी आत शिरतात आणि दिव्याच्या जागी एकवटतात, त्या उष्णतेने दिव्याची जोडणी जळू शकते. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय ठरलेली आणि वेगळी असते. खलाशी दोन चमकांमधले सेकंद मोजून कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत ते ओळखतात. कोर्लईची लय काय, ते वरच्या माणसाला विचारा आणि अंधार पडल्यावर घड्याळ लावून ताडून पाहा. मुलांना हा खेळ हटकून आवडतो.

कधी जाऊ नये

जून ते सप्टेंबर डोंगर हिरवागार दिसतो आणि फोटो सुंदर येतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, माथ्यावर वारा उभं राहू देत नाही आणि दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उधाणाच्या भरतीत पाणी उडतं. तरीही जायचंच असेल तर भांगाचे दिवस निवडा आणि बातेरीकडे उतरू नका. ऑक्टोबरचं सांगून झालं: गवत आणि ऊन दोन्ही. दिवाळी उलटली की गवत वाळून बसतं, वाटा मोकळ्या होतात. समुद्रात कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः उडी मारण्याआधी तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा आणि कोळीवाड्यात ओरडा. होडी तिथूनच सगळ्यात लवकर निघेल.

मधल्या दुपारी रेवदंड्यात जेवण मिळतं. खानावळीत आज काय आलंय ते विचारून मगच मासा सांगा. जेवल्यावर सावलीतून फिरायला रेवदंड्याचा कोट चांगला. माडा-पोफळींच्या वाड्यांत दडलेला आहे, त्यामुळे कोर्लईच्या उघड्या माथ्यानंतर डोक्याला बरं वाटतं. त्यातला सातखणी बुरूज चुकवू नका, आणि वाडीत शिरण्याआधी मालकाला विचारा, त्या खासगी आहेत. साडेतीनला तिथून निघालात तर चारपर्यंत कोर्लईला दीपगृहापाशी याल. एसटीने परतणाऱ्यांनी सकाळी उतरतानाच फाट्यावर संध्याकाळच्या अलिबाग गाडीची वेळ विचारून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर फाट्यावर रिक्षा मिळेलच असं नाही. रिक्षा करून आला असाल तर त्याच रिक्षावाल्याला परतीची वेळ सांगून त्याचा नंबर घ्या, आणि भाडं आधीच ठरवा.